मणक्यात सिमेंट : घाई कोणाची, गरज कोणाची?

"डॉक्टर, उद्या सकाळी ॲडमिट व्हायला सांगितलंय. करून टाकू ना?"

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ हातात एमआरआयचे पाकीट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हाचे हे वाक्य. त्यांच्या आई बहात्तर वर्षांच्या. एसटीत अगदी शेवटच्या सीटवर जागा मिळाली होती. बस खड्ड्यात आदळली, आजी सीटवरून उडाल्या आणि पुन्हा सीटवर आपटल्या. कमरेच्या थोडे वर जोरात कळ आली. घरी आल्यावर उसण भरली असेल म्हणून बाम लावला, शेक घेतला. चौथ्या दिवशी कुशीवर वळणेही अशक्य झाले, तेव्हा एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबला होता.

एका मोठ्या रुग्णालयात त्यांना सांगण्यात आले की मणक्यात सिमेंट भरावे लागेल, पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. आणि जाता जाता एक वाक्य : "नाही केलं तर त्या कायमचं अंथरूण धरतील." घरातली सगळी चर्चा त्या शेवटच्या वाक्याभोवती फिरत होती.

असा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबे वाढली आहेत, म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितो आहे. हा लेख माहितीचा आहेच, पण त्यात माझे मतही आहे, आणि ते मत काही वर्षांपूर्वी वेगळे होते हेही आधीच सांगून टाकतो.

मणका दबतो म्हणजे काय होते?

आपल्या मणक्याचा पुढचा भाग एखाद्या छोट्या डब्यासारखा असतो. बाहेरून पातळ कवच आणि आत जाळीदार हाड. वयानुसार, विशेषतः स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर, ही आतली जाळी विरळ होत जाते. यालाच आपण हाडांची ठिसूळता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. जाळी विरळ झाली की डबा चेपायला फार जोर लागत नाही. पाण्याने भरलेली बादली उचलणे, स्पीडब्रेकरवर रिक्षाचा दणका, बाथरूममध्ये घसरून बसकण मारणे, कधी कधी नुसती जोराची शिंक एवढे पुरते. डबा बहुधा पुढच्या बाजूने चेपतो, म्हणून माणूस हळूहळू पुढे वाकतो.

गंमत म्हणजे अशा दबलेल्या मणक्यांपैकी बहुसंख्य मणके रुग्णाला कळतही नाहीत. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी होते, परकर जमिनीवर लोळायला लागतो, पाठीला थोडा पोक येतो आणि "वय झालं" म्हणून सगळे सोडून देतात. ज्यांना कळते त्यांना मात्र ते चांगलेच कळते. उठताना, वळताना, खोकताना जीव जाईल अशी कळ येते. झोपून राहिले की बरे वाटते, म्हणून माणूस झोपूनच राहतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे हाड बहुतेकांमध्ये आपोआप जुळते. पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात, मग वेदना उतरायला लागतात आणि सहा ते बारा आठवड्यांत बहुतेक माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. मणक्याची गेलेली उंची परत येत नाही, पण तीव्र वेदना जाते. पुढचे सगळे वाचताना ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण सिमेंटचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

सिमेंट भरतात म्हणजे नेमके काय करतात?

घर बांधायचे सिमेंट नव्हे. हे एक प्रकारचे ॲक्रिलिक असते. गुडघा किंवा खुबा बदलताना कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवायला हेच वापरतात. रुग्णाला पालथे झोपवून, पाठीची जागा बधिर करून, चालत्या एक्स-रेच्या पडद्यावर बघत जाड सुई दबलेल्या मणक्यात नेतात. टूथपेस्टइतके घट्ट झालेले सिमेंट त्यातून आत सोडतात. काही मिनिटांत ते दगडासारखे होते. या प्रक्रियेला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. सिमेंटच्या आधी आत एक छोटा फुगा फुगवून मणका थोडा उचलायचा आणि त्या पोकळीत सिमेंट भरायचे, याला कायफोप्लास्टी म्हणतात. फुग्यामुळे तिचा खर्च बराच जास्त होतो.

ही पद्धत सुरू झाली १९८४ मध्ये, फ्रान्समधल्या आमियाँ शहरात. गालिबेर आणि देरामाँ या दोन डॉक्टरांनी मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरलेल्या हाडात सिमेंट भरले आणि रुग्णाची वेदना थांबली. म्हणजे सुरुवात ठिसूळ हाडांसाठी नव्हतीच. पण कल्पना इतकी सरळ होती की ती लगेच तिकडे वळली. हाड मोडले आहे, हलते आहे, म्हणून दुखते आहे; आत सिमेंट भरले की हलणे थांबेल आणि दुखणेही थांबेल. पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभर लाखो मणक्यांत सिमेंट गेले. रुग्ण खूश, नातेवाईक खूश, डॉक्टर खूश.

मीही त्या खूश डॉक्टरांपैकी एक होतो. आदल्या दिवशी स्ट्रेचरवरून आलेले आजोबा दुसऱ्या दिवशी चालत घरी जाताना पाहिले की अजून कसला पुरावा हवा, असे वाटायचे.

२००९ मध्ये काय घडले?

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. एक ऑस्ट्रेलियातला, ७८ रुग्णांचा. दुसरा मुख्यतः अमेरिकेतला, १३१ रुग्णांचा. दोन्हींत एक गोष्ट अशी केली होती जी तोवर कोणी केली नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला खरे सिमेंट भरले. दुसऱ्या गटालाही टेबलावर पालथे झोपवले, जागा बधिर केली, पाठीवर दाब दिला, सिमेंटचा उग्र वास खोलीत पसरेल अशी व्यवस्था केली, पण मणक्यात सिमेंट भरलेच नाही. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. अर्थात अशी शक्यता आहे हे आधी समजावून सर्वांची संमती घेतलेली होती.

निकाल काय लागला? दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. अमेरिकेतल्या अभ्यासात दहापैकी सरासरी सातच्या आसपास असलेली वेदना महिन्याभराने सिमेंटच्या गटात ३.९ वर आली आणि नाटकाच्या गटात ४.६ वर. हा फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासानेही तेच सांगितले.

मला आठवते, ते वाचून पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मी माझ्या डोळ्यांनी माणसे चालताना पाहिली होती ना!

पण शांतपणे विचार केला तर डोळ्यांनी पाहिलेले खरे असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागू शकतो. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, माणूस डॉक्टरकडे जातो ते वेदना शिगेला पोहोचल्यावर. शिगेनंतर उतारच असतो. दुसरे, हाड जुळायची आपली गती चालूच असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिमेंट भरले आणि पाचव्या आठवड्यात बरे वाटले, तर श्रेय सिमेंटला जाते. तिसरे, ऑपरेशन थिएटर, सुई, मोठ्या डॉक्टरांचा विश्वासाचा शब्द यांनी वेदना खरोखर कमी होते. ते ढोंग नसते. वेदना मेंदूत उमटते आणि मेंदूला दिलासा कळतो. गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुण्याच्या शस्त्रक्रियेबाबत २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये असाच अभ्यास झाला होता. तिथेही नुसता छेद देऊन टाके घातलेले रुग्ण खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांइतकेच सुधारले होते.

मग विषय संपला का?

नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवे. २००९ च्या अभ्यासांवर आक्षेप घेतले गेले आणि त्यातले काही रास्त होते. कित्येक रुग्णांचे मणके दबून काही महिने होऊन गेले होते. तेव्हा हाड बऱ्यापैकी जुळलेले असणार, मग सिमेंटने काय फरक पडेल? सर्वांची एमआरआय तपासणीही सक्तीची नव्हती. अमेरिकेतल्या अभ्यासात तर अठराशेहून अधिक लोकांची चाचपणी करून १३१ जण मिळाले होते. ज्यांना सर्वांत जास्त दुखत होते ते अशा चिठ्ठीच्या खेळात आलेच नसतील, असेही म्हटले गेले.

२०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधला 'व्हर्टोस-२' हा अभ्यास आला. यात मणका दबून सहा आठवड्यांच्या आतले आणि एमआरआयमध्ये ताजी सूज दिसणारे २०२ रुग्ण होते. सिमेंटचा गट गोळ्या-औषधांच्या गटापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. पण त्यात नाटकाचा गट नव्हता; कोणाला काय मिळाले ते सर्वांना माहीत होते. कायफोप्लास्टीचा ३०० रुग्णांचा 'फ्री' नावाचा अभ्यास २००९ मध्ये आला, तोही असाच उघड. त्यातही सुरुवातीचा फायदा चांगला दिसला आणि वर्षभरात दोन गटांतले अंतर कमी होत गेले. तो अभ्यास ते किट बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झाला होता, हेही लक्षात ठेवा.

'व्हर्टोस-२' मधली एक गोष्ट मात्र मला निकालापेक्षा मोलाची वाटते. सुरुवातीला ४३१ रुग्ण पात्र ठरले होते. तपासण्या होऊन चिठ्ठी टाकेपर्यंत त्यातल्या २२९ जणांची वेदना आपोआप इतकी कमी झाली की त्यांना कशाचीच गरज उरली नाही. शंभरातले ५३ जण! सिमेंटसाठी रांगेत उभे असलेले निम्म्याहून अधिक लोक रांगेतच बरे झाले.

पुढे ताज्या मणक्यांवर नाटकाच्या गटासह दोन मोठे अभ्यास झाले. ऑस्ट्रेलियातला 'व्हेपर' (२०१६) : १२० रुग्ण, सर्व सहा आठवड्यांच्या आतले, वेदना दहापैकी सात किंवा जास्त. चौदा दिवसांनी वेदना चारच्या खाली आलेले रुग्ण सिमेंटच्या गटात ४४ टक्के, नाटकाच्या गटात २१ टक्के. म्हणजे इथे फायदा दिसला. नेदरलँड्समधला 'व्हर्टोस-४' (२०१८) : १८० रुग्ण, नऊ आठवड्यांपर्यंतचे. दोन्ही गटांची वेदना वर्षभरात सुमारे पाच अंकांनी उतरली. फरक नाही.

जगभरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की नेहमीच्या वापरासाठी व्हर्टिब्रोप्लास्टीला पुराव्याचा आधार नाही. अमेरिकेतल्या हाड-संशोधकांच्या संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये तसेच मत दिले. दुसरीकडे ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये काही निवडक रुग्णांसाठी दार उघडे ठेवले : मणका अलीकडे दबलेला आणि न जुळलेला, योग्य औषधे देऊनही तीव्र वेदना चालूच, आणि दुखते ते याच मणक्यामुळे हे तपासून व फोटोत पाहून पक्के झालेले.

माझे मत

तर एवढे सगळे वाचून मी कुठे उभा आहे?

सिमेंट ही फसवणूक नाही, पण ती पहिली पायरीही नाही. मणका दबलेल्या बहुतेक लोकांना तिची गरज नसते. थोड्या लोकांना तिचा फायदा होऊ शकतो. माझी तक्रार त्या सुईबद्दल नाही, घाईबद्दल आहे. नवव्या दिवशी, धड वेदनाशामक औषधेही न देता, "अंथरूण धरतील" या भीतीच्या बळावर घेतलेली सही मला मान्य नाही. खासगी रुग्णालयात हा खर्च लाखाच्या घरात जातो. आपल्याकडे त्यासाठी बऱ्याचदा मुलीच्या लग्नाची ठेव मोडली जाते नाहीतर कर्ज काढले जाते. तेवढ्या पैशाला तेवढ्याच वजनाचे कारण हवे.

आणि धोके? ते कमी आहेत, पण शून्य नाहीत. सिमेंट मणक्याबाहेर झिरपणे बरेचदा घडते. बहुधा त्याचा त्रास होत नाही, पण क्वचित ते मज्जातंतूवर दाब आणते किंवा रक्तातून फुप्फुसात जाते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. ठिसूळ हाडाच्या माणसाला टेबलावर पालथे करताना दुसरे हाड मोडू शकते. 'व्हेपर' अभ्यासात एका रुग्णाचा दंड असाच मोडला. पण न्यायाने हेही सांगतो, त्याच अभ्यासात सिमेंट न भरलेल्या गटातल्या दोन रुग्णांचा मणका पुढे आणखी ढासळून मज्जारज्जूवर दाब आला होता. म्हणून "काही करू नका" हाही सल्ला नव्हे. लक्ष ठेवायलाच हवे.

मी कोणाला 'हो' म्हणतो?

माझ्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक काका होते. व्यवस्थित औषधे, पट्टा, सगळे करून साडेतीन आठवडे झाले तरी त्यांना कुशीवर वळता येत नव्हते. जोरदार गोळ्यांनी गुंगी आणि बद्धकोष्ठ. छाती भरायला लागली होती. एमआरआयमध्ये त्याच मणक्यात ताजी सूज होती आणि बोटाने ठोकले की नेमके तिथेच दुखत होते. त्यांना मी स्वतः सिमेंटसाठी पाठवले. दुसऱ्या दिवशी ते बसले, तिसऱ्या दिवशी चालले. सिमेंट नसते तर आठवड्याभराने बसले असते का? मला सांगता येणार नाही. पण त्यांच्यापाशी तो आठवडा नव्हता. छातीत न्यूमोनिया झाला असता तर प्रश्न वेदनेचा राहिला नसता.

असे रुग्ण म्हणजे ताजा मणका, असह्य वेदना, नीट औषधे देऊनही पडून राहण्याची वेळ, आणि एमआरआय व तपासणी दोन्हींचे एकमत. कर्करोगाने पोखरलेल्या मणक्याचा हिशेबही वेगळा असतो. तिथे सिमेंटचा उपयोग अनेकदा चांगला होतो. तीन महिन्यांहून जुन्या, तरीही दुखणाऱ्या मणक्यांमध्ये फायदा दिसल्याचा एक छोटा डच अभ्यास अलीकडे आला आहे. त्याकडे मी उत्सुकतेने पाहतो आहे, पण एका छोट्या अभ्यासावर सल्ला बदलत नाही.

आणि कोणाला ठाम 'नाही'?

ज्यांची वेदना दिवसागणिक उतरते आहे त्यांना. एमआरआयमध्ये जुना, जुळलेला मणका आहे आणि दुखते भलतीकडे, त्यांना. "पुढे दबू नये म्हणून" न दुखणाऱ्या मणक्यात भरून घ्यायचे असेल, त्यांनाही.

आणखी एक गट आपल्या देशात विसरून चालणार नाही. दबलेला प्रत्येक मणका ठिसूळ हाडाचा नसतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग म्हणजे टीबी सर्रास दिसतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, भूक मरणे, रात्री झोपल्यावरही दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रक्त खूप कमी होणे, यांतले काहीही असेल तर आधी कारण शोधा. जंतुसंसर्ग असलेल्या मणक्यात सिमेंट भरायचे नसते. शंका असेल तर मणक्याचा तुकडा तपासावा लागतो. आणि पायातली ताकद जात असेल, बधिरपणा वाढत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

तोवर काय करायचे?

वेदनेची औषधे घड्याळ लावून घ्या, कळ आल्यावर नव्हे. पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे डॉक्टर वरची पायरी देतात. मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. जोरदार गोळ्यांबरोबर पोट साफ राहण्याचे औषध हवेच. जोर काढून शौचाला बसणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

दोन-चार दिवस विश्रांती ठीक, पण महिनाभराची 'बेड रेस्ट' घेऊ नका. पडून राहिले की स्नायू झिजतात आणि हाडे आणखी विरळ होतात. कुशीवर वळून, हाताचा आधार घेत उठायचे. पट्टा उठताना-चालताना काही आठवडे वापरायला हरकत नाही, जन्मभर नको. वाकून केर काढणे, बादली उचलणे, जमिनीवर बसून उठणे तूर्त बंद. पाठ चोळून, दाबून, 'बसवून' घ्यायला कोणाकडेही जाऊ नका. ठिसूळ मणक्यावर जोर पडला तर शेजारचा मणकाही जाईल.

खरी चूक कुठे होते

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते.

काही वर्षांपूर्वी मी एका बाईंना सिमेंटसाठी पाठवले. वेदना थांबली, त्या पेढे घेऊन आल्या. आठ महिन्यांनी पुन्हा आल्या. वरचा मणका दबला होता. फाईल चाळली. सिमेंटचे बिल होते, एमआरआय होता, डिस्चार्ज कार्ड होते. हाडांची घनता मोजलेली नव्हती आणि हाडे मजबूत करणारे एकही औषध चालू केलेले नव्हते. कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या होत्या, त्या दोन महिन्यांत संपल्या होत्या. रुग्णालयाला वाटले मी बघेन, मला वाटले त्यांनी बघितले. ती चूक माझीही होती आणि ती मी विसरलेलो नाही.

मणका दबणे हा आजार नाही, आजाराची घंटा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की मणका नव्याने दबलेल्या पाच स्त्रियांपैकी साधारण एकीचा वर्षभरातच आणखी एक मणका दबतो. त्यानंतर खुब्याचे हाड वाट बघत असते. सिमेंट एका मणक्याला आधार देते. उरलेल्या मणक्यांचे ते काहीही करत नाही.

आणि इथे पुरावा अजिबात गोंधळलेला नाही. झोलेड्रोनिक ॲसिड हे वर्षातून एकदा सलाइनमधून देण्याचे औषध. सात हजारांहून अधिक स्त्रियांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत नवा मणका दबण्याचे प्रमाण साध्या सलाइनच्या गटात १०.९ टक्के होते, औषधाच्या गटात ३.३ टक्के. म्हणजे धोका ७० टक्क्यांनी कमी. तोही नाटकाच्या गटाशी तुलना करून. त्याचा वर्षाचा खर्च सिमेंटच्या बिलापुढे किरकोळ आहे. ज्यांची हाडे फारच विरळ आहेत त्यांच्यासाठी टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शने आहेत. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब आहे. पण ते मनाने बंद केले तर मणके एकामागोमाग दबू शकतात, म्हणून तारीख चुकवायची नाही. ही औषधे देण्याआधी मूत्रपिंड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दात तपासून घ्यावे लागतात. कोणाला कोणते, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण "आम्हाला कोणते?" हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा, कारण सिमेंटचा विषय निघतो तेव्हा हा प्रश्न बहुधा निघतच नाही.

सही करण्याआधी विचारा

१. मणका ताजा आहे का, आणि दुखते ते याच मणक्यामुळे हे कशावरून?
२. टीबी, कर्करोग किंवा इतर कारण नाही हे पाहिले आहे का?
३. वेदनेची औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का? किती दिवस?
४. दोन-तीन आठवडे थांबलो तर नेमका काय धोका आहे?
५. फुगा वापरणार असाल तर आमच्या रुग्णाला त्याचा वेगळा फायदा काय?
६. हाडे मजबूत करायचे औषध कोणते, कधीपासून आणि ते कोण बघणार?

हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. चौथ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले, तर कदाचित तुमच्या रुग्णाला खरोखरच लवकर करण्याची गरज असेल. उत्तर नुसतेच "कशाला रिस्क घेता?" असे आले, तर दुसरे मत घ्या. पायात ताकद आहे आणि लघवीवर ताबा आहे, तोवर दुसरे मत घेण्याइतका वेळ असतो.

आणि त्या एसटीतल्या आजी? त्यांच्या मुलाला मी म्हटले, "उद्याचं ॲडमिशन रद्द करू नका, पुढे ढकला. दोन आठवडे मला द्या." औषधे नीट बसवली, पट्टा दिला, फिजिओथेरपिस्ट घरी जाऊ लागले. पहिला आठवडा कठीण गेला. मुलाचे रोज दोन फोन यायचे आणि एकदा तर मलाही वाटले की पाठवून द्यावे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आजी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेल्या. सहाव्या आठवड्यात दवाखान्यात आल्या, त्या झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाइन लावून घ्यायला.

"डॉक्टर, ते सिमेंट राहिलंच की," आजी म्हणाल्या.

"आजी, तुमच्या हाडानं ते स्वतःच केलं," मी म्हटले. "आता पुढच्या वर्षी याच महिन्यात हे इंजेक्शन. आणि एसटीत शेवटची सीट कधीही नाही. पुढे जागा नसेल तर पुढची गाडी."

तुमच्याही घरातल्या ज्येष्ठांना एवढे नक्की सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)